माती पोटात घेते

"संस्कृतीचा आरंभ झाकण्यापासून झाला! माणसाने आधी अंग झाकले, मग डोके झाकले, मग अन्न झाकले. आता, मित्रहो, माती झाकण्याची वेळ आली आहे!"

हे वाक्य कागदसाहेबांनी आपल्या नोकरीत तीनशे बारा वेळा उच्चारले. पहिल्यांदा उच्चारले तेव्हा समोर अकरा माणसे होती. त्यांतली चार सावलीसाठी बसली होती, दोघांचा समज गुरांना लस टोचणार असा होता, आणि टाळ्या वाजवणारा एकटा तंबूवाला होता. भाषण संपल्याशिवाय त्याला तंबू सोडता येत नसे, म्हणून तो दर परिच्छेदाला टाळ्या वाजवून पाही, संपले का ते.

साहेब शेती खात्यात विस्तार अधिकारी होते, आणि त्यांनी विस्तार केला तो मल्चिंग पेपरचा. नाव पेपर, लोक म्हणत कागद, पण वस्तू प्लास्टिकची. वरून चंदेरी, खालून काळी, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. कपाशीच्या गादीवाफ्यावर ती ताणून अंथरायची, कडा मातीत दाबायच्या, ठरल्या अंतरावर भोके पाडायची आणि भोकात सरकी टोबायची. खाली माती उबदार राहते, ओल उडून जात नाही, तण काळोखात गुदमरून मरते आणि बोंडे पंधरा-वीस दिवस लवकर फुटतात. यातला शब्द न् शब्द खरा होता. साफ खोटे बोलणाऱ्याला पुढे शरमायची तरी सोय असते. साहेबांची पंचाईत अशी, की अकराव्या स्लाइडपर्यंत ते खरेच बोलत.

बारावी स्लाइड होती 'हंगामानंतर'. तिच्यावर तीन ओळी होत्या. कागद जाडच वापरावा. कपाशी उपटण्याआधी तो अखंड गुंडाळून शेताबाहेर काढावा. कोणत्याही परिस्थितीत जमिनीत नांगरू नये. पण अकराव्या स्लाइडला मागच्या बाजूला भांडी वाजू लागत, आणि ज्याच्या पोटात कावळे ओरडताहेत त्याला हंगामानंतरचे काय सांगणार? पहिल्या वर्षी साहेबांनी ती स्लाइड घाईत दाखवली. दुसऱ्या वर्षी दाखवली नाही. तिसऱ्या वर्षी त्यांनी ती संगणकात लपवून ठेवली. पुसून टाकायची त्यांना लाज वाटली.

निवृत्तीला चार वर्षे झाली होती. एका सकाळी साहेब दाढी करत होते, गालाला फेस होता, आणि धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, ह्यांची तपासनिशी काढून घेताहेत."

तिचे यजमान, म्हणजे साहेबांचे दाजी, कापूस पिकवत आणि कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग सोसायटीत अकरा वर्षे तपासनीस होते. आलेला कापूस पहिल्या ढिगात जायचा, दुसऱ्या ढिगात, की आल्या वाटेने घरी, हे सोसायटीची ग्रेडर ठरवी. पण तिच्या शेजारी शेतकऱ्यांनी आपल्यातून निवडलेला एक माणूस उभा राही, आणि त्याने मान हलवल्याशिवाय निकाल लागत नसे. या कामाला पगार नव्हता. होती ती इभ्रत. दाजींनी सख्ख्या चुलतभावाची ट्रॉली दोनदा परत धाडली होती. चुलतभावाने बोलणे टाकले, आणि लोकांनी एकमुखाने ठरवले की चुलतभावाचेच चुकले.

"का काढताहेत?"

"कापड गिरणीनं माल परत केला. गडद निळं कापड, आणि त्यावर पांढरे ठिपके. कोंडा झटकल्यासारखे. आपल्या रुईत प्लास्टिक निघालं, दादा. प्लास्टिकला रंग चढत नाही. आता लोक म्हणतात, ज्यानं कागद मातीत नांगरायला सांगितला, तोच आता कापूस तपासणार? पाचकाला, म्हणजे ह्यांना, काढा म्हणतात. आज दुपारी चारला सभा आहे."

"मग दाजी काय म्हणाले?"

"म्हणाले, बरोबर आहे त्यांचं."

साहेबांनी घसा साफ केला. बहीण पुढचे बोलली ते अगदी साध्या आवाजात, मीठ जास्त झालंय का विचारावे तशी.

"दादा, ते वाक्य कुणाचं ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी वाढत होते."

फोन ठेवल्यावर साहेब बराच वेळ आरशापुढे उभे राहिले. गालावरचा फेस वाळला. अर्धी दाढी झालेला माणूस आधीच फारसा विश्वासू दिसत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दाजींच्या शेतावर कागदावरची कपाशी बघायला दोनशे शेतकरी येणार होते, म्हणून साहेब आदल्या दिवशी बहिणीकडे जेवायला होते. दाजींनी घास हातात धरून विचारले, "साहेब, एक विचारू? हंगाम संपल्यावर ह्या कागदाचं करायचं काय? मी सहज एक टोक ओढून पाहिलं, तर हातात चिंधी आली. बाकीचा खालीच."

उत्तर साहेबांना पाठ होते, कारण बारावी स्लाइड त्यांनीच टाइप केली होती. पण त्या वर्षी खात्याने पातळ कागद वाटला होता. तेवढ्याच गुंडाळ्यांत दुप्पट जमीन झाकली जात होती, दुप्पट जमिनीचा अहवाल वर गेला होता, आणि वरून शाबासकीचे पत्र आले होते. पातळ कागद अखंड निघत नाही. वेचून काढायचा तर एकराला चार माणसे दिवसभर वाकणार. हे उद्या दोनशे जणांपुढे बोलले, तर त्यांतले एकशे नव्वद जेवून घरी जातील ते परत कागदाचे नाव काढणार नाहीत. साहेबांनी घास गिळायला लागतो तेवढा वेळ विचाराला दिला आणि म्हणाले, "नांगरून टाका. माती सगळं पोटात घेते."

वाक्य फार झकास जमले, आणि घात झाला तो तिथेच. भोंगळ थाप लोक संध्याकाळपर्यंत विसरतात.

दुसऱ्या दिवशी बांधावर कुणीतरी नेमके तेच विचारले. साहेबांनी तोंड उघडले. खरे सांगायला उघडले होते, अशी त्यांनी पुढे बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली; पण छातीवर हात ठेवून तेही सांगू शकत नव्हते. कारण तेवढ्यात मागून दाजी, पाहुण्यांपुढे पाठ कविता म्हणणाऱ्या पोराच्या अभिमानाने, मोठ्याने ओरडले, "माती पोटात घेते!" लोक हसले. कुणी टाळी दिली. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिले.

आणि साहेब म्हणाले, "ऐका! हे मी नाही सांगत. शेतकरी सांगतोय!"

तिथून पुढच्या दोनशेहून अधिक भाषणांत ते वाक्य 'एका प्रगतिशील शेतकऱ्याच्या शब्दांत' येत गेले. खात्याच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर ते छापून आले. वर दाजींचा फोटो होता, डोळे मिटलेले. छायाचित्रकाराला दुसरा फोटो काढायला वेळ नव्हता.

सहा-सात वर्षांत मातीने पोटातले बाहेर काढायला सुरुवात केली. नांगराच्या फाळाला झालरी लटकू लागल्या. कपाशी उपटावी तर मूळ सरळ खाली गेलेले नसे. वाटेत कागद लागला की ते पाहुण्यासारखे बाजूला वळून बसे. वारा सुटला की कुंपणावर चिंध्या फडफडत, आणि उरलेल्या थेट उमललेल्या बोंडांत जाऊन बसत. लोकांना आठवले की हे सांगितले कुणी. दाजींचे नाव तेव्हापासून पाचक पडले. कुणाचे पोट दुखले तरी लोक म्हणत, पाचकाला विचार.

दाजींनी या नावाला ओ दिली. बारा वर्षे दिली.

साहेबांनी त्या सकाळी लेखी निवेदन करायचे ठरवले. नऊ वाजेपर्यंत तीन खर्डे झाले. चौथा त्यांनी बायकोपुढे धरला. ती शाळेतून निवृत्त झाली होती, पण लाल पेन निवृत्त झाले नव्हते.

"'तत्कालीन परिस्थितीत कागद जमिनीत गाडण्याबाबत काही विधाने केली गेली असावीत,'" तिने वाचले. "कुणी केली? भुतांनी?"

"ही कार्यालयीन भाषा आहे."

"'त्यातून काही गैरसमज पसरला असल्यास खेद वाटण्यासारखे आहे.' कुणाला वाटण्यासारखं? शेजाऱ्यांना?"

"अगं, एकदम कसं लिहायचं?"

"अहो, यात सगळे आहेत. परिस्थिती आहे, खातं आहे, हवामानसुद्धा आहे. तुम्ही कुठं आहात?" तिने खर्डा परत दिला. सहीवर लाल गोल केला होता. "इथं एकदा दिसलात."

साहेब खर्डा खिशात घालून बसने निघाले आणि एक तास आधीच पोचले. अपराधी माणूस नेहमी वेळेआधी पोचतो. निरपराध लोकांना उशीर परवडतो.

सोसायटीच्या आवारात दाजी कुठे दिसेनात. पहारेकऱ्याने एका लांबलचक पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवले. आत जाळीच्या टेबलांच्या दोन रांगा होत्या, वरच्या खिडक्यांतून उजेड येत होता आणि अठरा बायका सरकीसकट कापूस पसरून त्यातला कचरा निवडत होत्या. ही खोली साहेबांच्या काळात नव्हती. ती लागेल असे कुणाला वाटलेच नव्हते.

"काय पाहिजे?" टेबलाच्या टोकाशी बसलेल्या मावशींनी वर न बघता विचारले.

"सभेला आलोय."

"सभा चारला. इथंच भरते, दुसरीकडं पंखे नाहीत. हात रिकामे आहेत ना? मग बसा."

साहेबांपुढे कापसाचा ढीग आला. प्रत्येकीसारखी मावशींच्या हातातही एक काठी होती, तिला नायलॉनचा जुना स्कार्फ गुंडाळलेला. त्या काठी स्वेटरच्या बाहीवर खसाखसा घासत आणि ढिगावरून चार बोटे उंच फिरवत. सरकीचा कापूस जड, तो जागचा हलत नसे. पण आतल्या प्लास्टिकच्या चिंध्या ताडकन उडून काठीला चिकटत. मावशी त्या सोलून डब्यात टाकत. जे काठीला येत नसे ते बोटांनी.

साहेबांनी वीस मिनिटे मान मोडून काम केले आणि तीन तुकडे काढले. मावशींनी तोच ढीग पुन्हा चाळला आणि आणखी अकरा काढले.

"अधिकारी होतात का?"

"हो. कशावरून?"

"वरवरचं तेवढं दिसतं तुम्हाला."

शेजारच्या बायका हसल्या. साहेबही हसले. हसणे ही सोपी गोष्ट होती.

"हा काळा बघा," मावशी शिकवू लागल्या, "हा गरीब. लगेच दिसतो. हा चंदेरी, ऊन खाऊन खाऊन ह्याचा रंग उडतो, मग हा कापसात कापूस होऊन बसतो. हा चोर. हा जिनिंगमध्ये गेला ना, की पिंजून त्याचे केस होतात. मग कुणाच्या बापाला सापडत नाही. सापडतो तो कापड रंगवल्यावर."

"एवढं सगळं आलं कुठून?" साहेबांनी विचारले.

विचारले खरे. माणसाच्या जिभेला हाड नसते हे ऐकून होते. आपल्या जिभेला लाजही नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले आणि कान तापले.

"आमच्या पाचकामुळं," मावशी म्हणाल्या. "सोन्यासारखा माणूस हो. आयुष्यात एवढं एकच वाकडं बोलला, तेच नेमकं सगळ्यांनी ऐकलं. तपासनिशीतून चार दिवस बाजूला केलाय, तर घरी बसला का? नाही. रोज इथं येऊन आमच्याबरोबर वेचतो. म्हणतो, माझंच आहे, मलाच काढू दे."

साहेबांची बोटे कापसात थांबली. तेवढ्यात खांद्यावर पोते घेऊन दाजी आत आले. वय झाले होते, पाठ थोडी वाकली होती, पण साहेबांना पाहून पोते तिथेच टाकून धावत आले.

"अरे! साहेब! आधी कळवलं असतंत तर स्टँडवर आलो असतो! मावशी, ओळखलं का ह्यांना? हेच आपले कागदसाहेब!"

मावशींनी साहेबांकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. मग त्यांच्यापुढचा ढीग ओढून स्वतःकडे घेतला.

दाजींनी त्यांना हात धुवायला नळावर नेले. बोटांना चिंध्या चिकटल्या होत्या. त्या पाण्यानेही सुटेनात.

"मी आज सभेत सांगणार आहे," साहेब म्हणाले. "ते वाक्य माझं होतं म्हणून."

"काही नको," दाजी म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. निवृत्त माणसानं कशाला अंगावर घ्यायचं? हिनं फोन केला ना? मी तिला बजावलं होतं. अहो, मला पाचक म्हणतात, त्याचं काय एवढं! एकाला तर आमच्याकडं कायमचा गळका म्हणतात, त्याचं घर एकदाच गळलं होतं."

"पण दाजी..."

"आणि तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत. माहीत असतं तर सांगितलं असतंत का? हेच मी हिला म्हणतो. नव्हतं कुणाला माहीत. चूक झाली. माणूस आहे."

हीच वेळ होती. नळावर दोघेच होते, आणि दाजींच्या तोंडावर इतका विश्वास होता की त्यात बारावी स्लाइड सहज मावली असती. साहेबांनी नळ बंद केला. तो आधीच बंद होता.

चारला सभा भरली. सत्तर-ऐंशी शेतकरी टेबलांमधल्या वाटांत उभे राहिले. बायकांनी काम थांबवले नाही. त्यांच्या ढिगांना सभेशी देणेघेणे नव्हते. ठराव मांडायला एक शेतकरी उभा राहिला, त्याला सगळे वजनकाटा म्हणत. हा गृहस्थ वर्षातून चारच वाक्ये बोले आणि तीही तोलून, म्हणून त्याच्या शब्दाला भाव होता.

"पाचकाबद्दल माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "पण गिरणीवाले विचारतात, तुमचा कापूस तपासतं कोण? तर ज्यानं कागद गाडायला सांगितला तो. पटत नाही."

वर्षाची चारही वाक्ये संपली. तो खाली बसला.

अध्यक्षांनी दाजींकडे पाहिले. दाजींनी मान हलवली, अकरा वर्षे हलवत आले तशी: माल नापास, परत न्या.

"मला बोलायचंय," साहेब म्हणाले आणि पुढे झाले. खिशातून खर्डा काढला. समोर ऐंशी चेहरे होते, मागे पंखा होता, आणि एकतीस वर्षांची सवय होती. साहेबांच्या नकळत त्यांचे तोंड उघडले आणि म्हणाले, "संस्कृतीचा आरंभ झाकण्यापासून झाला!"

साहेबांना घाम फुटला. शेतकऱ्यांना मात्र जुना मित्र भेटल्यासारखे झाले. मागच्या रांगेतून चौघांनी सुरात पुढचे म्हटले, "माणसाने आधी अंग झाकले!" आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबायची वाट बघताना साहेबांना एवढे उघडे आयुष्यात वाटले नव्हते. त्यांनी खर्डा घडी करून परत खिशात ठेवला.

"ते वाक्य माझं होतं," ते म्हणाले. "माती पोटात घेते, हे. दाजींना मी सांगितलं, त्यांच्याच घरी, जेवताना. ते बिचारे माझंच बोलले. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात तेव्हा मी म्हणालो, शेतकरी सांगतोय. पुढे पुस्तिकेतही तसंच छापलं. दाजींचा ह्यात काही दोष नाही. आहे तो माझा."

शेडमध्ये काठ्या घासल्याचा आवाज तेवढा राहिला. मग कुणीतरी म्हणाले, "म्हणजे पाचक हे नाव चुकीच्या माणसाला दिलं आपण?"

"बारा वर्षं!"

"आता बदलायचं कसं? पोरंसुद्धा पाचककाका म्हणतात."

"नाव राहू द्या," दाजी हसत म्हणाले. "अन् साहेबांना तरी काय बोलायचं? त्यांना कुठं माहीत होतं? त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं."

"तेही खरंच," अध्यक्ष म्हणाले. "साहेब, तुम्ही येऊन सांगितलंत, हा मोठेपणा आहे."

चार-दोन माना हलल्या. कुणी साहेबांना खुर्ची दिली. बाहेरून चहाची किटली आत आली. साहेबांना जाणवले की सगळे उरकले. दाजींची इभ्रत वाचली, आपलीही फारशी गेली नाही, उलट मोठेपणा पदरात पडला. एवढा स्वस्तात सौदा आयुष्यात झाला नव्हता. त्यांनी चहाला हात पुढे केला.

तेव्हा ग्रेडर बोलली. ती तरुण होती, कानावर पेन्सिल खोचलेली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, नुसती शंका होती.

"पण साहेब, आम्हाला शिकताना जुनी टिपणं होती. त्यात जाड कागद वापरा, हंगाम संपायच्या आत काढा, असं काहीतरी होतं. ते नंतरचं असेल का?"

साहेबांनी दाजींकडे पाहिले. दाजी उत्तराची वाटसुद्धा बघत नव्हते. उत्तर त्यांना ठाऊक होते. ते साहेबांसाठी चहात साखर आहे का ते विचारत होते.

नंतरचे असेल, एवढे म्हटले की झाले. दोन शब्द होते.

"नाही," साहेब म्हणाले. "आधीचं आहे. माझंच आहे. बारावी स्लाइड." त्यांनी हातातला कप टेबलावर ठेवला. "सगळं लिहिलं होतं तिच्यात. नांगरू नका, असंसुद्धा. मी दाखवली नाही. दाखवली असती तर कुणी कागद घेतला नसता, आणि माझ्या अहवालातली जमीन कमी झाली असती. मला माहीत होतं."

अठरा काठ्याही आता थांबल्या होत्या.

"माहीत होतं?" दाजींनी विचारले.

"हो."

"त्या दिवशी? जेवताना?"

"हो."

दाजी ओरडतील असे साहेबांना वाटले. ते ओरडले नाहीत. त्यांनी साखरेचा चमचा किटलीच्या झाकणावर ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. बारा वर्षे लोकांच्या शिव्या खाताना ज्या एका गोष्टीला धरून ते उभे होते, तीच कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखे ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

"मी दर वर्षी नांगरला, साहेब," ते म्हणाले. "शेजाऱ्यांचाही मीच नांगरून दिला. माझा ट्रॅक्टर होता म्हणून."

साहेबांना वाटले, मावशींनी तरी शिवी हासडावी. मावशी बोटाला चिकटलेला तुकडा सोलत बसल्या.

शेवटी वजनकाटा उठला. पुढच्या वर्षातले एक वाक्य त्याने आगाऊ खर्च केले. "ठराव मागे घेतो."

अध्यक्षांनी विचारले, दाजींनीच तपासनीस राहावे असे कुणाकुणाला वाटते. सगळे हात वर झाले. बायकांचेही झाले, त्यांना मताचा हक्क नसताना. दाजींनी हात मोजले नाहीत. ते ग्रेडरला म्हणाले, "बाहेर गाड्या उभ्या आहेत. चला." आवाज नेहमीपेक्षा खालचा होता, तेवढाच फरक.

सभा मोडली. लोक साहेबांना वळसा घालून बाहेर पडले, वाटेत खांब असावा तसे. कुणी टोचून बोलले असते तर बरे वाटले असते. उलट एकाने जाता जाता सवयीने "येतो साहेब" म्हटले आणि मग आपण कुणाशी बोललो ते आठवून ओशाळला.

पहिली ट्रॉली दाराशी रिकामी होऊ लागली. दाजींनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस खालून वर काढला, उजेडात धरला, ग्रेडरकडे बघून मान हलवली. पहिला ढीग. पुन्हा हात घातला. साहेब शेडच्या मधोमध उभे होते. खुर्ची कुणीतरी घेऊन गेले होते. जावे तर दाजींच्या समोरून जावे लागणार, आणि थांबावे तर थांबायला काही निमित्त नव्हते. बहिणीला काय सांगायचे, हा विचार त्यांनी मनात दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडून दिला.

एकदम दाजींचा हात ढिगातच थांबला. त्यांनी साहेबांकडे पाहिले. ग्रेडरला काहीतरी सांगितले, हात झटकला आणि ते सरळ साहेबांच्या दिशेने चालत आले. टेबलांवरचे हात मंदावले. मावशींनी काठी खाली ठेवली.

साहेब ताठ उभे राहिले. दाजी काय म्हणतील ते म्हणोत, त्यांनी ठरवले, एक शब्द उलटून बोलायचा नाही. थोबाडीत मारली तर दुसरा गाल पुढे करायचा नाही, ते नाटकी दिसेल. नुसते उभे राहायचे. पुन्हा आमच्या घराची पायरी चढू नका म्हणाले, तर मान खाली घालून हो म्हणायचे. एकोणीस वर्षांचा हिशेब एका वाक्यात होत नाही, पण दाजी जे वाक्य बोलतील ते आपण मरेपर्यंत पाठ ठेवू, असे त्यांनी मनोमन कबूल केले आणि डोळे मिटले.

दाजी अगदी जवळ येऊन थांबले.

"साहेब," ते म्हणाले, "जरा पाय उचला. खाली तुकडा आहे."